बोटं कमी, शत्रू फार: गेमच्या बटणांना अनावृत पत्र

नागपूर, ऐन मे

प्रिय बटणांनो, आणि तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन दांड्यांनो,



गेमवर लिहिणारे ग्राफिक्सवर पानभर लिहितात, कथेवर अर्धं पान, संगीतालाही दोन चांगले शब्द मिळतात. तुमच्या वाट्याला येतं शेवटचं एक वाक्य. 'कंट्रोल्स सुटसुटीत आहेत', नाहीतर 'कंट्रोल्स हाताला बसायला वेळ लागतो.' झालं.

मला हा अन्याय वाटतो. अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये नायकाच्या हातात कुऱ्हाड द्यायची की त्रिशूळ, हे चित्रकार ठरवतो. पण तो लढतो कसा, जपून की बेफाम, एकेकाला गाठून की घोळक्यात घुसून, हे तुम्ही ठरवता. तेही एका साध्या अडचणीतून. खेळणाऱ्याला अंगठे दोनच. कामं मात्र चालायचं, बघायचं, मारायचं, अडवायचं, चुकवायचं, उडी घ्यायची, शस्त्र बदलायचं. कुठलं काम कुठल्या बोटाकडे गेलं, आणि त्यापायी कुठली दोन कामं एकदम करता येईनाशी झाली, यातच लढाईचा सगळा स्वभाव आला. आज त्याबद्दलच लिहितोय. शेवटी एक तक्रार आणि एक मागणी आहे, तीही वाचा.

माझ्या पिढीची तुमच्याशी पहिली ओळख नागपुरातल्या बर्डीवरच्या व्हिडिओ गेम पार्लरात झाली. कॅपकॉमने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' नावाचा गेम काढला. त्या नावाने त्याला आमच्याकडे कोणी कधी ओळखलं नाही. तो 'मुस्तफा'. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा घ्यायचा कोणी, यावरून मशीनसमोरच मारामारी व्हायची. त्यात दांडी एक आणि तुम्ही दोघं: एक मारायचं, एक उडीचं. पुढे दोनदा झटका दिला की मुस्तफा पळत सुटायचा आणि पळता पळता मारलं की लाथ. आणि तुम्हा दोघांना एकदम दाबलं की भोवतीचे सगळे आडवे, पण त्यापायी आपलीच थोडी लाइफ जायची. तेव्हा हे मला गेमवाल्याची चलाखी वाटायची. आता वाटतं, ती टंचाईतून सुचलेली युक्ती होती. तिसरं बटण नाही, म्हणून दोन स्वस्त बटणांची मिळून एक महागडी चाल. अडवायचं बटण तर नव्हतंच. म्हणून बचाव म्हणजे सरकणं: गुंडाच्या ओळीतून वर जा, नाहीतर खाली या, आणि तो वळायच्या आत बाजूने घुसा. पार्लरातली जी पोरं शेवटापर्यंत पोचायची त्यांचे हात वेगवान नसायचे, त्यांचे पाय हुशार असायचे. ज्याला पाय कळले नाहीत, तो दोन्ही बटणं बडवत लाइफ संपवायचा आणि पुन्हा गल्ल्याकडे जायचा.

मग कॉम्प्युटर आला आणि तुम्ही कीबोर्डात जाऊन बसलात. जॉर्डन मेकनरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९चा, मूळ अ‍ॅपल टू या यंत्रावरचा. मेकनरने आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. तलवारबाजी घेतली १९३८च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातल्या द्वंद्वावरून. ही गोष्ट सगळे सांगतात. तुमची कामगिरी कोणी सांगत नाही. आमच्याकडे तो आला तो डॉसवर, बाणाच्या कळा आणि शिफ्ट घेऊन. एरवी वरचा बाण म्हणजे उडी. पण तलवार उपसली की तोच बाण वार अडवायचा, शिफ्ट वार करायची, डावा-उजवा बाण पुढे-मागे सरकवायचा, आणि खालच्या बाणाने तलवार म्यान. म्हणजे तलवार हातात आली की राजपुत्राची उडी गेली! दहा फुटी खड्डे लीलया ओलांडणारा गडी पहारेकऱ्यासमोर एका रेषेवर अडकायचा. त्याला उरायचं काय? पुढे, मागे, वार, अडव. इतक्या थोडक्यात अडकल्यामुळेच ते द्वंद्व दोन माणसांच्या बोलण्यासारखं रंगायचं. तू मारलंस, मी अडवलं, आता माझी पाळी. कळा आणखी चार असत्या तर एवढी मजा आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

कीबोर्डाबद्दल एक जुना राग मात्र काढून टाकतो. सायबर कॅफेतले स्वस्तातले कीबोर्ड दोन कळा एकदम दाबल्या की ओळखायचे. तिसरी दाबली तर तिचे लागेबांधे बघून ठरायचं. आतल्या तारांची जाळी अशी असते की काही तीन कळा एकदम दाबलेल्या यंत्राला कळतच नाहीत. एकाच कीबोर्डावर दोघं खेळायला बसले की एकाच्या बोटामुळे दुसऱ्याचा वार गायब. "दाबलं ना बे मी!" हे वाक्य नागपुरातल्या किती दोस्त्यांच्या मध्ये आलं असेल. आणि ते खरं असायचं. शिवाय शिफ्ट पाच वेळा भराभर दाबली की विंडोज मध्येच 'स्टिकी कीज' हव्यात का म्हणून खिडकी उघडणार. ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत अशा माणसांसाठी केलेली ती सोय. पण ऐन लढाईत ती समोर आली की तिचा चांगुलपणा कोणाला दिसतो?

आता खरी गंमत. गेम त्रिमितीत गेले आणि 'बघणं' हे एक वेगळं काम झालं. तोवर कॅमेरा कुठे ठेवायचा ही गेमची जबाबदारी होती. आता ती खेळणाऱ्याच्या उजव्या अंगठ्यावर आली. सोनीचा ड्युअलशॉक १९९७चा, दोन दांड्यांचा. पण उजवी दांडी आणि चौकोन, त्रिकोण, गोल, फुली ही चार बटणं, सगळी त्याच एका अंगठ्याच्या अखत्यारीत. मारायचं तर बघणं सोडा, बघायचं तर मारणं सोडा. त्रिमितीतल्या मारामारीचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका अंगठ्याची सोडवणूक, असं मी म्हणतो. कोणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

निन्टेंडोने १९९८ साली 'झेल्डा: ओकरिना ऑफ टाइम'मध्ये उत्तर काढलं: झेड बटण दाबलं की समोरच्या एका शत्रूवर नजर बांधली जाते, आणि आपण त्याच्याभोवती फिरत लढतो. हे बनवणारे क्योटोतल्या तोएई स्टुडिओच्या पार्कमध्ये निंजांचा खेळ बघायला गेले होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की नायकाला वीस जणांनी घेरलेलं असलं तरी अंगावर येतो एकेकच. साखळीला बांधलेल्या कोयत्याची झटापट बघून दोघांमध्ये एक अदृश्य दोरी बांधायची कल्पना आली. थोडक्यात, खेळणाऱ्याच्या अंगठ्याला जमत नाही म्हणून शत्रूंना रांगेत उभं राहायला शिकवलं. हिंदी सिनेमा बघून वाढलेल्या आपल्याला त्यात काही नवल वाटलं नाही, हा भाग वेगळा.

दुसरं उत्तर क्रेटॉसचं, आणि ते पुढे बदललं म्हणून जास्त बोलकं. २००५च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये कॅमेरा गेमच्याच हातात, लांब आणि उंच. उजवी दांडी मोकळी राहिली, म्हणून तिला चुकवायचं काम दिलं. क्रेटॉसच्या हातात साखळीची पाती, जी भोवतीच्या सगळ्यांना झोडपतात, कारण नेम धरायचा प्रश्नच नाही. चौकोन-चौकोन-त्रिकोण. बेफाम, घोळक्यातला, राक्षसी माणूस. मग २०१८ साली त्याच क्रेटॉसचा कॅमेरा त्याच्या खांद्यामागे आणून ठेवला. उजवी दांडी गेली बघण्याकडे. मग वार सरकले वर, तर्जनीखालच्या आर वन आणि आर टूकडे. कॅमेरा इतका जवळ की पाठीमागचं दिसेना. म्हणून क्रेटॉसभोवती बाण दाखवायला लागले आणि त्याचा मुलगा अट्रेयस ओरडून सांगायला लागला की मागे कोणी आहे. चौकोन मोकळा झाला होता, तो या मुलाला मिळाला. दाबला की अट्रेयस बाण सोडतो. कुऱ्हाड फेकायची, त्रिकोण दाबायचा, ती सणसणत परत हातात. सगळ्यांनी लिहिलं की क्रेटॉस प्रौढ झाला, बाप झाला. झालाच. पण त्याला मागचं दिसेनासं झालं आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावं लागलं, हे कथाकाराने लिहायच्या आधी तुम्ही जागा बदलून घडवलं होतं.

'बॅटमॅन: अर्कम असायलम'ने २००९ साली तिसराच मार्ग धरला. एक बटण मारायचं, एक उलटवायचं. दांडी ज्या दिशेला, त्या दिशेचा गुंड दहा पावलं लांब असला तरी बॅटमॅन उडी घेऊन त्याच्यापर्यंत जातो. नेम, अंतर, पवित्रा, सगळं गेम बघून घेतो. खेळणाऱ्याकडे राहतो फक्त ताल. पहिल्यांदा खेळलं तेव्हा जादू वाटली. मग तीच पद्धत इतक्या गेमांनी उचलली की डोक्यावर खूण दिसली, दाब उलटवायचं बटण, एवढंच उरलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

'डार्क सोल्स'वर मात्र लिहायला हवं, कारण त्या गेमने तुमची अडचण लपवली नाही. उलट तिलाच लढाई केलं. तिथे वार तर्जनीकडे आहेत, म्हणजे अंगठा बघायला मोकळा. पण गोल बटणावर दोन कामं आहेत. दाबून धरलं तर पळणं, दाबून सोडलं तर कोलांटी. आता तुम्हीच सांगा, बोट टेकल्याबरोबर गेमला कसं कळणार की हा धरून ठेवणार आहे की सोडणार? कळत नाही. म्हणून कोलांटी दाबल्यावर होत नाही, बोट उचलल्यावर होते. २०२२च्या 'एल्डन रिंग'मध्येही तसंच. घाबरलेला माणूस बटण घट्ट दाबून धरतो, आणि तिथेच मरतो. हलक्या बोटाचा वाचतो. शिवाय आपण दाबलेलं गेम क्षणभर लक्षात ठेवतो. घाईत दोनदा दाबलं तर पहिली कोलांटी संपल्यावर दुसरीही घेतो, सरळ राक्षसाच्या पुढच्या घावाखाली. त्या गेमला कठीण म्हणतात ते राक्षसांमुळे. मला तर त्यातला अर्धा कठीणपणा बोट उचलण्यातच दिसतो. आणि पळताना गोल धरायचा, तरी कॅमेरा फिरवायचा, म्हणून पोरांनी तर्जनी वाकवून गोलावर आणली, अंगठा दांडीवर ठेवला. हाताचा पंजा झाला. गेम बनवणाऱ्यांनी न दिलेलं बोट खेळणाऱ्यांनी स्वतःच शोधून काढलं.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. २०१७ साली त्यांचा क्राउडफंडिंगचा प्रयत्न फसला, तरी गेम तडीस नेला. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरात बाकी यंत्रांवर, आणि त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमांत त्याला नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीतली पोर, भावाला, गोलूला, शोधत निघालेली. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हातात. कॅमेरा लांब, आपल्या हातात न दिलेला. बरेच जण म्हणतात की छोट्या स्टुडिओला तेच परवडतं. असेल. पण लढाईच्या बाजूने बघा. अंगठ्याला बघायचं काम नाही, म्हणून राजीला डोंबारणीसारखं खेळता येतं: भिंतीवरून धाव घेऊन वार, खांबाला धरून गरकन फिरत वार. शस्त्राला नव्हे, भिंती-खांबांना चाली दिल्या आहेत. जिथे चारी बाजूंनी राक्षस येतात आणि मध्ये दोन खांब आहेत, तिथे राजी सगळ्यात चांगली लढते. मोकळ्या मैदानात तेवढी नाही. तिथे तिचे वार हलके वाटतात. फटका बसला तेव्हा हाताला जो ठोसा जाणवावा, तो कमी पडतो. माझं मत आहे, पुण्याच्या मंडळींनी राग मानू नये. सर्कशीतल्या पोरीची लढाई तिच्या अंगातून निघाली पाहिजे हे त्यांना कळलं, आणि ते तुमच्यामार्फत त्यांनी मांडलं, हे मोठं काम आहे.

आता तक्रार. तुमच्यावर नाही, तुम्हाला काचेखाली घालणाऱ्यांवर.

माझा भाचा आणि त्याचे मित्र, म्हणजे या शहरातली बहुतेक पोरं, मोबाइलवर खेळतात. काचेवर तुमचं फक्त चित्र असतं. कडा नाही, खळगा नाही, दाबल्याचा टक नाही. अंगठा सरकला तर कळत नाही, आणि जो अंगठा दाबतो तोच पडद्याचा चतकोर झाकतो. त्यात नागपूरचा मे. पारा ४५च्या पुढे, कूलर समोर असला तरी अंगठ्याला घाम, फोन तापला की पडदा मंद आणि खेळ अडखळत. पोरं अंगठ्यांना कापडी टोप्या घालून बसतात. शिवणकामाची वस्तू वाटावी अशा. पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, २०२१च्या जुलैत तो बीजीएमआय होऊन परतला. पण तोवर आमच्या पोरांनी चार बोटांचा पंजा पक्का करून टाकला होता. फोन टेबलावर टेकवून दोन तर्जन्या वरून. ज्यांना हे जमतं त्यांची बोटं बघत राहावीत.

पबजी हा बंदुकीचा खेळ. तिथे पंजा चालतो. तलवारीच्या खेळात मात्र मोबाइलवाल्यांनी वेगळी वाट घेतली. २०२०च्याच 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये फोनवर वार दाबला की पात्र आपण होऊन जवळच्या शत्रूकडे वळतं, कारण उजवा अंगठा एक तर मारेल, नाही तर कॅमेरा ओढेल. पुन्हा तीच जुनी अडचण. पण या वेळी उत्तर म्हणून खेळणाऱ्याच्या हातून पवित्राच काढून घेतला. या पोरांच्या हाती कन्सोलचा कंट्रोलर दिला की त्यांना जड जात नाही, ती दोन दिवसांत सरावतात. जड मलाच जातं. बाजूला बसलेला भाचा वैतागून म्हणतो, "मामा, तुम्ही कॅमेरा फिरवूनच नाही राहिले ना!" माझा अंगठा अजून मुस्तफाच्या बटणांवर आहे, त्याला बघायची सवय नाही.

त्यामुळे माझी मागणी अशी. कुठलंही काम कुठल्याही बटणावर नेता आलं पाहिजे, प्रत्येक गेममध्ये, पहिल्याच पडद्यावर. हे अशक्य नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'ने २०२०च्या जूनमध्ये साठाहून जास्त सोयी देऊन, सगळी बटणं बदलायची मुभा ठेवून दाखवलं. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली दोन मोठ्या थाळ्यांचा अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर काढला, ज्याला हवं ते बाहेरचं बटण जोडता येतं. एक हात असलेला माणूस पायाने वार करू शकतो. मग डावखुऱ्या पोराला, बोट मोडलेल्याला, साठीच्या आजोबांना फॅक्टरीतून आलेल्याच जागांवर का बसवायचं? आणि बटण बदललं की पडद्यावरची सूचनाही बदला. 'त्रिकोण दाबा' म्हणून ओरडणारा गेम आणि त्रिकोणावरून हलवलेली चाल, हा मनस्ताप कोणालाच नको.

आणि एक इच्छा. शिवजयंतीला इथल्या महाल भागात गांधीगेटपाशी मर्दानी खेळ बघताना ती दरवर्षी डोकं वर काढते. दांडपट्टा जवळून बघा. मूठ कोपरापर्यंत हात झाकते, आत आडवी दांडी पकडायची, आणि मनगट गेलं कैदेत. ते वाकत नाही, फिरत नाही. म्हणून पट्टा मनगटाने चालत नाही. खांद्याने, कमरेने, पावलांनी चालतो. पातं लांब, लवचिक, दोन्हीकडून धारेचं. एकदा फिरायला लागलं की थांबवायचं नसतं, वळवायचं असतं. त्याच हाताने जमिनीवरचं लिंबू कापतात, म्हणजे बारीक कामही होतं, पण ते बोटांनी नाही, सगळ्या अंगाने. पकड बदलली की लढाई बदलते, हे ज्याने पट्टा घडवला त्याला कंट्रोलरच्या कितीतरी आधी माहीत होतं.

याचा गेम कोणी केला तर वार बटणावर ठेवू नये. १९९८च्या 'डाय बाय द स्वोर्ड'मध्ये तलवारीचा हात स्वतः हलवायची सोय होती. २०१७च्या 'फॉर ऑनर'मध्ये उजवी दांडी वर, डावीकडे, उजवीकडे पवित्रा धरते. पट्ट्याला उजवी दांडी गोल फिरवायला हवी, आणि थांबवायचं बटण कुठेच नको. दांडी सोडली तरी पातं आपल्या वेगाने आणखी अर्धा फेरा घेईल आणि तेवढा वेळ बाजू उघडी राहील. बैठक तर्जनीवर. गिरकी अंगठ्यावर नको, पायांच्या चालीतून आपोआप यावी. कॅमेरा लांब, राजीसारखा, कारण पट्टेवाला घोळक्यासाठीच असतो. इथवर जमतं. अडतं ते डाव्या हातापाशी. ढाल दिली तर डाव्या तर्जनीला काम मिळतं आणि सगळं नीट बसतं. पण खरा पट्टेवाला दोन्ही हातांत पट्टे घेतो, आणि दुसरा पट्टा डाव्या दांडीवर ठेवला तर चालणं कुठे न्यायचं? पायाखाली एखादं बटण घ्यावं का? सुचलं तर कळवा. पुण्याला मी कळवतो.

तुमचा,
एक अंगठेबहाद्दर